शेताकडची फळी

बिघडलेल्या विमानाला सगळे भितात. इंजिनातून तेल गळताना दिसले की माणसे चार पावले मागे सरतात. तेच विमान दुरुस्त होऊन, धुऊनपुसून उभे राहिले की खुशाल पंखाला हात लावतात, पोराला आत बसवून पाहू का म्हणून विचारतात. हा धंदा मी काही वर्षे केला आहे आणि अजून करतो आहे, आणि माझे सांगणे नेमके उलटे आहे. बिघडलेल्या विमानाला भिण्याचे कारण नाही, ते उडतच नाही. भ्यायचे ते नुकत्याच दुरुस्त झालेल्याला. काल त्यात काय बिघडले होते ते आपल्याला ठाऊक होते. आज त्याच्या पोटात माणसाचा हात शिरून बाहेर आलेला असतो, आणि त्या हाताने आत काय करून ठेवले ते कुणालाच ठाऊक नसते. पुष्कळदा त्या हातालाही नसते.

दिवाळी अंकात शौर्याच्या गोष्टी शोभतात हे मला कळते. माझ्यापाशी शौर्य नाही. माझ्यापाशी एक चूक आहे आणि ती पकडणारी दोन माणसे आहेत.

मी वाशीमचा. वडील कचेरीच्या आवारात लोकांचे अर्ज लिहून देत. घरात कागद भरपूर, पण माझे खरे वाचन बेचाळीसच्या पत्रकांवर झाले. बाकाखालून हातोहात फिरणारी, शाई बोटांना लागणारी ती पत्रके मला पाठ होती. पुढे मी लढाईच्या वेळी उघडलेल्या एका विमानतळावर मिस्त्री म्हणून लागलो तेव्हा मित्रांनी माझे नाव टाकले. "सरकारचा मिस्त्री" म्हणून हाका मारल्या. मी म्हणायचो, नटबोल्टाला झेंडा नसतो. इंग्रजाच्या हातातली विद्या काढून घेतो आहे, त्यात लाज कसली? मला ते तेव्हाही पटत होते, आजही पटते.

लढाई संपली आणि सरकारने जुनी विमाने मोडीच्या भावात काढली. कारंजाच्या एका शेठजींनी त्यातले एक घेतले. दोन माणसांचे, उघड्या बैठकीचे, एकावर एक असे दोन दोन पंख असलेले आणि पंखांवर चक्क कापड ताणून बसवलेले. जत्राबाजारांत लोकांना दहा मिनिटे आकाशात फिरवून आणायचे, हा शेठजींचा बेत. विमान चालवायला कॅप्टन सबनीस आणि दुरुस्तीला मी. दुरुस्तीच्या कामावर सही करण्याचा परवानाही सबनीसांकडेच होता. माझी परवान्याची परीक्षा व्हायची होती, आणि त्यांच्या शिफारशीशिवाय त्या परीक्षेला बसता येत नव्हते. मला आयुष्यात तेव्हा दुसरे काही नको होते.

सबनीस चाळिशीचे, काटकुळे, कमी बोलणारे. त्यांना साहेब म्हणायचे नाही असे मी पहिल्याच दिवशी ठरवले होते. मी "कॅप्टन" म्हणे. त्यांच्या ते लक्षातही आले नाही, याचाच मला राग येई.

माणूस कसा होता ते सांगतो. वाशीमच्या बाजाराच्या दिवशी विमान मोकळ्या रानात उभे होते. पंखाच्या कापडाला जे रोगण लावतात त्याचा वास गुरांना फार आवडतो. आम्ही चहा प्यायला गेलो तेवढ्यात एका बैलाने खालच्या पंखाचे टोक चाटून चाटून वीतभर भोक पाडले. बैलाचा धनी हात जोडून उभा. मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडणार, तोच सबनीसांनी विचारले, "किती खाल्लं त्यानं? रोगण विषारी असतं, बाबा. गुरांच्या डॉक्टरांना दाखव आधी." आणि मला त्या बैलाबरोबर धाडले. पंखाला ठिगळ त्यांनी स्वतः लावले. बैल सुखरूप राहिला. मी मात्र दोन दिवस धुमसत होतो: विमानाचा मिस्त्री काय बैलामागे चालायला ठेवला आहे?

आता तारांबद्दल. विमानाच्या खालच्या दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी एकेक फळी असते. चालकाच्या पुढ्यात एक दांडी असते. दांडी डावीकडे नेली की डावी फळी वर उठते, उजवी खाली जाते आणि विमान डावीकडे कलते. उजवीकडे नेली की याच्या उलट. एवढेच. दांडीपासून फळ्यांपर्यंत हा निरोप नेतात त्या पोलादी केबली, बारीक तारा पिळून केलेल्या. त्या विमानाच्या पोटातून, बैठकीखालून जातात. तिथे प्रकाश नाही, धड हात शिरत नाही.

सबनीसांच्या खिशात नेहमी कापसाचे एक बोंड असे. वऱ्हाडात कापसाला काय तोटा! दर आठवड्याला ते कापसाचा पेळू केबलीवरून हळूहळू सरकवत नेत. केबलीतली एखादी तार तुटली असेल तर डोळ्याला दिसत नाही, बोटालाही लागत नाही. कापसाचा तंतू मात्र तिथे अडकतो. चैत्राच्या सुरुवातीला, स्वातंत्र्याच्या आधीच्या त्या वर्षी, आमचा मुक्काम कामरगावाबाहेरच्या पडीत रानात असताना त्यांच्या बोंडाचा तंतू अडकला. एकदा नाही, दोनदा. दोन्ही फळ्यांच्या केबली बदलायच्या ठरल्या. रामनवमीला पोहरादेवीची जत्रा, आणि हाती तीन दिवस.

"मनोहर, तू एकटा करशील?" त्यांनी विचारले. "मला पोहरादेवीला जाऊन उतरायची जागा चालून पाहायची आहे. काम स्वच्छ झालं तर तुझी शिफारस लिहून टाकतो."

मी हो म्हणालो. मग ते म्हणाले, "आणि पहिल्या उड्डाणाला तू पुढच्या बैठकीत बसायचंस. ज्यानं हात लावला तो आधी वर जातो. माझा नियम आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कॅप्टन, हा नियम म्हणजे कामगाराला ओलीस धरणं आहे. तुमचा माझ्या कामावर विश्वास नसेल तर तसं सांगा."

"विश्वासाचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे?"

"परत आलो की बोलू," असे म्हणून ते शेठजींच्या मोटारीत बसले.

त्या दोन दिवसांत मी काम केले ते संतापात. एका हाताने केबली ओढत होतो आणि डोक्यात पत्रक लिहीत होतो. दुपारी जेवताना खरेच लिहून काढले: "श्रमिकाच्या शब्दावर संशय हा श्रमाचा अपमान आहे." वाशीमच्या छापखान्यात छापून जत्रेत वाटायचे होते. मजकूर आजही मला आवडतो. फक्त तो लिहिणारा माणूस तेव्हा विमानाच्या पोटात डोके घालून बसायला हवा होता.

आमच्या रानाला लागून गिरजाबाईचे शेत होते. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत. हरभऱ्याचे खळे चालू होते आणि आमच्या विमानाचा पंखा फिरला की तिचे कुटार, म्हणजे हरभऱ्याचा भुसा, उडून रानोमाळ होई. रोज सकाळी ती बांधावर येऊन आमचा उद्धार करी.

"काहून रे मिस्त्री, मरून राह्यला का थ्या जहाजाखाली? आज उडवू नका बावा. माहं खळं अर्धं थ्या गावात जाऊन पडलं!"

"मावशी, दोन दिवस बंद आहे जहाज."

"मंग देव पावला मले."

मी तिला थांबवून सांगितले होते की हे विमान उद्या तुमचेच आहे, राज्य जनतेचे होणार, यंत्रे जनतेची होणार. तिने सूप खाली ठेवून सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "थे जनतेचं झालं तं कुटार उडवीन का नाई?"

तिसऱ्या दिवशी सकाळी सबनीस परतले. बरोबर शेठजी. गावातली पन्नास-साठ माणसे जमली. मी केबली बसवल्या होत्या, ताण बघितला होता, प्रत्येक पेचाला तो सैल होऊ नये म्हणून कुलपाची तार घातली होती. बैठकीत बसून दांडी दोन्हीकडे हलवून पाहिली होती. फळ्या लोण्यासारख्या हलत होत्या. सबनीसांनी पोटाचे झाकण उघडून प्रत्येक पेच बोटाने चाचपला. कुलपे सगळी जागेवर. त्यांनी मान हलवली.

"काम सुबक आहे. फळ्या तपासल्यास?"

"तपासल्या."

"दिशा?"

"कॅप्टन, मी तपासलं म्हणतो म्हणजे तपासलं. कामगाराचा शब्द शपथेपेक्षा मोठा असतो." हे मी जरा मोठ्याने बोललो. लोकांनी ऐकावे म्हणूनच.

सबनीस मागच्या बैठकीत चढले. पट्टा बांधला नाही. बांधावर हात कमरेवर ठेवून उभ्या असलेल्या गिरजाबाईकडे बघून त्यांनी हाक मारली, "बाई, जरा इकडे येता? एक काम आहे."

"माहं कुटार भरून देता का?"

"देतो. आधी विमानाच्या मागं उभ्या राहा. शेपटीच्या मागं. हां. त्या दोन फळ्या दिसतात ना, पंखाच्या कडेला? मी आता काहीतरी करतो. कोणती वर गेली आणि कोणती खाली, तेवढं सांगा."

लोक हसले. मी हसलो नाही, माझा अपमान पुरता झाला होता. आधी ओलीस, आता वर पंचनामा, आणि पंच कोण, तर खळ्यावरची बाई!

विमानाचे तोंड अशा दिशेला होते की डाव्या हाताला गिरजाबाईचे शेत आणि उजव्या हाताला कामरगाव. सबनीस समोर पाहत बसले होते. मान वळवली नाही. त्यांनी दांडी डावीकडे नेली आणि तशीच धरून ठेवली.

"सांगा बाई."

"गावाकडची वर गेली. शेताकडची खाली."

"नीट पाहा."

"नीटच पाह्यलं. शेताकडची खाली हाय."

मी उसळून म्हणालो, "कॅप्टन, बाईला काय कळतं त्यातलं? ती उलटं बघत असेल. मी दोनदा तपासलंय."

गिरजाबाई माझ्याकडे वळली. "काहून रे? मले जहाज नाई समजत. पन वर अन् खाली तं समजते. जनम गेला पाखडन्यात. दाना खाली पडते अन् कुटार वर जाते, थे काय तुह्या पुस्तकात वाचून आली मी?"

सबनीसांनी आवाज न चढवता विचारले, "मनोहर, दांडी कुठं आहे?"

मी वाकून पाहिले. "डावीकडे."

"डावीकडे काय आहे?"

मी डावीकडे पाहिले. हरभऱ्याचे खळे होते, त्यावर सूप पडले होते, आणि माझ्या अगदी समोर, हाताच्या अंतरावर, शेताकडची फळी होती. खाली झुकलेली. पन्नास माणसांना दिसत होती तशी, लख्ख.

पुढचे न सांगताही कळेल, तरी सांगतो. केबली मी पोटातल्या अंधारात एकमेकींच्या जागी जोडल्या होत्या. डाव्याचा निरोप उजव्याला, उजव्याचा डाव्याला. असे विमान जमिनीवर गुणी बाळासारखे धावते. जमीन सुटल्यावर वारा त्याला एका बाजूला कलवतो. चालक सावरायला दांडी उलट बाजूला नेतो, आणि विमान आणखी कलते. त्याच्या हातांना वर्षानुवर्षे एकच शिकवण. तो आणखी जोर लावतो, आणि विमान आणखी कलते. पंखाचे टोक मातीला लागेपर्यंत त्याला वाटत असते की आपण ते सावरतो आहोत.

मी खरेच तपासले होते. दांडी हलवली होती आणि फळ्या हलताना डोळ्यांनी पाहिल्या होत्या. काय हलते ते पाहिले, कोणीकडे हलते ते नाही. कारण ते मला ठाऊक होते.

शेठजी पुढे आले. "काय झालं साहेब? उडते का नाई? पोहरादेवीले माणूस सांगून ठेवला मी."

सबनीस म्हणाले, "थोडं काम राहिलंय." एवढेच. चूक कोणाची ते त्यांनी सांगितले नाही, आणि सांगणारही नव्हते. मला गप्प बसता आले असते. पण आयुष्यभर दुसऱ्यांना खडसावणारी पत्रके वाचलेला मी. त्यांतला एक तरी शब्द माझ्यासाठी असायला हवा होता.

"काम राहिलं नाही, शेठजी. मी चुकीचं केलं. केबली उलट्या जोडल्या. या बाईंनी सांगितलं नसतं तर आज आम्ही दोघं मेलो असतो."

शेठजींनी माझ्याकडे पाहिले, मग विमानाकडे. मी त्यांच्यावर मनातल्या मनात पाच-सहा पत्रके लिहिली होती. त्यांतल्या शेठजींनी मला तिथेच हाकलले असते. हे शेठजी म्हणाले, "जत्रा उद्या भी हाय, परवा भी हाय. तुमी तुमचं सावकाश करा." आणि टोपी काढून आंब्याच्या सावलीला जाऊन बसले.

केबली पुन्हा सोडताना सबनीस माझ्याशेजारी उकिडवे बसून हत्यारे देत होते. मी म्हणालो, "आता शिफारस नाही मिळणार."

"हा पाना घे." मग पुढचा पेच दाखवत म्हणाले, "लढाईत माझा एक दोस्त असाच गेला. त्याच्या मिस्त्रीनं पाहिलं होतं. त्यानं स्वतः पाहिलं होतं. मी शेजारी उभा राहून पाहिलं होतं. तिघांनाही विमान कळत होतं, मनोहर, म्हणून तिघांनाही फळी बरोबर दिसली. तेव्हापासून ज्याला काही येत नाही त्याला विचारतो."

"आणि मला पुढं बसवता ते?"

"ते माझ्यासाठी. खाली मिस्त्री उभा असला की त्याच्या कामाबद्दल मला उगाच शंका येत राहतात. पुढ्यात बसला की येत नाहीत."

माझ्या खिशात ते पत्रक होते. मी त्यांना दाखवले नाही. पण त्यांच्या नियमात ओलीस नव्हता, सोबत होती, हे कळायला मला मरणाच्या दारापर्यंत जावे लागले याची लाज अजून वाटते. ज्या जनतेच्या हाती राज्य द्यायला मी निघालो होतो तिला दोन दिशा सांगता येतात यावरही माझा विश्वास नव्हता, याची त्याहून अधिक.

उन्हे कलायच्या आत काम झाले. गिरजाबाई पुन्हा शेपटीमागे उभी राहिली. या वेळी बोलवावे लागले नाही. दांडी डावीकडे गेली.

"शेताकडची वर!" ती ओरडली. "गावाकडची खाली!"

दांडी उजवीकडे गेली.

"आता गावाकडची वर! जमलं रे मिस्त्री, जमलं!"

गावकऱ्यांनी टाळ्या पिटल्या. मी पुढच्या बैठकीत चढलो. या विमानात दोन्ही बैठकींपुढे दांड्या असतात, एकमेकींना जोडलेल्या. मागे चालकाने हलवली की पुढची आपोआप हलते. इंजिन सुरू झाले, खडबडीत रान पायाखालून धावू लागले आणि एकाएकी धक्के थांबले. खाली काळी जमीन, कापसाच्या पराट्यांचे ढीग, कामरगावची कौले. माझे लक्ष कशातच नव्हते. मी माझ्या गुडघ्यांमधल्या दांडीकडे पाहत होतो. बोलायच्या नळीतून सबनीसांचा आवाज आला, "डावीकडे." दांडी कुणी न धरता माझ्यापुढे डावीकडे झुकली आणि तिच्यामागोमाग सारी पृथ्वी आज्ञेत असल्यासारखी कलली. गिरजाबाईचे खळे माझ्या डाव्या खांद्याखाली आले. मला रडू आले. वाऱ्यात ते कुणाला दिसायचे नव्हते.

शिफारस त्यांनी त्याच आठवड्यात लिहिली. तिच्यात माझ्या चुकीची हकीकत सविस्तर होती, आणि शेवटी एक ओळ: या माणसाने पन्नास लोकांसमोर चूक स्वतः सांगितली, माझे विमान मी याच्या हाती देतो. परवाना मिळाला. आज माझी सही चालते. तरी फळ्यांच्या कामानंतर मी फाटकावरच्या चौकीदाराला, चहावाल्याला, जो दिसेल त्याला शेपटीमागे उभा करतो. नवे मिस्त्री हसतात. हसू द्यावे.

गिरजाबाईची माफी मागायची मात्र राहिली. त्या दिवशी उतरल्यावर मी धावत तिच्याकडे गेलो खरा, पण "बाईला काय कळतं" हे माझेच शब्द आठवले आणि माफीऐवजी मी तिचे उडालेले कुटार गोळा करू लागलो. सबनीसही मागून येऊन म्हणाले, "बाई, जत्रेतल्या कुणाच्याही आधी पहिली फेरी तुमची. चला, बसा."

ती विमानाकडे पाहत राहिली. तिला मोह झाला होता हे मला दिसले. तिने पदर खोचला, चार पावले पुढेही आली. मग थांबली.

"नाई बावा," ती म्हणाली. "मी वर बसली तं खालून कोन पाहीन?"